शिल्लक हिवाळा

"बर्फ मिळेल ना हो?"

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिमालयात निघालेल्या मराठी माणसाचा हा पहिला प्रश्न. दम लागेल का, डोकं दुखेल का, तंबूत झोप येईल का, हे सगळं नंतर. घरी अंगाची लाही होत असते, वळवाचा एखादा पाऊस धूळ बसवून गेलेला असतो, मॉन्सून केरळात पोचल्याची बातमी येऊन गेलेली असते आणि मुलांच्या शाळा उघडायच्या आत एक ट्रेक पदरात पाडून घ्यायचा असतो. मग कसोलचा सार पास, नाहीतर मनालीजवळचा हामटा पास. ट्रेक नेणाऱ्यांनाही हा प्रश्न पाठ असतो आणि त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं, "जूनमध्ये? भरपूर!" भरपूर म्हणजे कुठे आणि मुख्य म्हणजे किती वाजता, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

आमच्या हामट्याच्या गटात पुण्या-मुंबईची, नाशिकची मंडळी होती. त्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू. हरिश्चंद्रगड त्यांनी तरुणपणी नळीच्या वाटेने चढलेला, त्यामुळे धोंड्यांनी भरलेली उभी नाळ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण बर्फावर त्यांनी आयुष्यात पाय ठेवलेला नव्हता. "एकदा पायाखाली घ्यायचाय," एवढंच त्या म्हणत होत्या. सामानात भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि गुडघ्याला लावायचं तेल.

हामटा पास पीर पंजाल रांगेत आहे. अलीकडे कुलूचं हिरवं खोरं, पलीकडे लाहौलचं उघडंबोडकं. उंची सुमारे ४२७० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) अडीच पटींहून जास्त, आणि हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. मनालीहून गाडी वळणावळणांनी जोबऱ्यापर्यंत चढते. तिथून चिका, मग बालू का घेरा नावाचं नदीकाठचं वाळूचं सपाट मैदान, मग खिंड, मग पलीकडे शिया गोरू आणि शेवटी चंद्रा नदीच्या काठचं छतरू. पहिल्या टप्प्यात बर्फाचा मागमूस नसतो. भूर्जाची झाडं, गुडघाभर गवत, पायांत येणारे ओढे. गटातले दोघं-तिघं डोंगरमाथ्यांवरचे पांढरे पट्टे मोजत चालले होते.

पहिला बर्फ भेटला तो काळा होता.

दोन सुळक्यांच्या मधल्या नाळेतून तो थेट नदीपर्यंत उतरलेला होता. वर माती, दगड, मोडलेल्या भूर्जाच्या फांद्या आणि कुठे कुठे मुळासकट उपटून आलेलं झुडूप. कडेला पाणी ठिबकत होतं आणि कापलेल्या भागातून आतला करडा-निळसर रंग दिसत होता. काकूंनी तो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "ह्याच्यावर उभं राहून फोटो काय काढायचा?"

हा हिमप्रपाताचा बर्फ. डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे झंझावात पश्चिम हिमालयावर बर्फ टाकत राहतात. वरच्या उतारांवरचा थर आपल्याच वजनाने सुटतो आणि नाळेतून खाली येताना वाटेतलं सगळं ओढत आणतो. दरीच्या तळाशी तो चेपून घट्ट बसतो. म्हणून आजूबाजूचा उतार हिरवा झाला तरी नाळेतला हा ढीग हटत नाही, काही ठिकाणी तर ऑगस्ट उजाडेपर्यंत. उंचीवरचा सुंदर पांढरा उतार त्याच्या आधी नाहीसा झालेला असतो.

आणि तरी प्रश्न उरतोच की दुपारी अंगातलं जाकीट काढावं लागतं, एवढं ऊन लागतं, मग हा इतका टिकतो कसा? बर्फ वितळणं हे महागाचं काम आहे. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ शून्य अंशावरचंच पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता खातो. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे ८० अंशांपर्यंत तापवता आलं असतं. त्यात ताज्या बर्फावर पडलेल्या उन्हातलं ८०-९० टक्के ऊन तो परत पाठवतो. म्हणजे सूर्य देत राहतो आणि बर्फ घेतच नाही. जसजसा तो जुना होतो, मळतो, वारा त्याच्यावर धूळ आणून टाकतो (पश्चिम हिमालयावर थरच्या वाळवंटातलीसुद्धा धूळ येते), तसतसा तो ऊन घ्यायला लागतो. मातीचा पातळ थर असेल तर तो बर्फाला लवकर वितळवतो. पण थर जाड झाला, किंवा वर मोठा धोंडा असला, की त्याचीच सावली होते आणि खालचा बर्फ शाबूत राहतो. बालू का घेऱ्याच्या वर आम्हांला असा एक धोंडा दिसला. भोवतालचा बर्फ खाली गेला होता आणि धोंडा आपल्या हातभर उंच पांढऱ्या खांबावर चढून बसला होता.

त्याहून गंमत मेंढ्यांच्या लेंड्यांची. आमच्या आधी एक कळप त्या उतारावरून गेलेला होता. प्रत्येक लेंडीने आपल्यापुरतं ऊन शोषून आपल्यापुरतं भोक पाडलेलं होतं. बोटाएवढ्या रुंद, बोटाएवढ्या खोल, गोल, उभ्या विहिरी, आणि प्रत्येकीच्या तळाशी पाण्यात एकेक लेंडी. शेकडो. कळप कुठून चढला, कुठे थांबला, कुठे पांगला, सगळं त्या भोकांवरून वाचता येत होतं. गटातल्या एका मुलाने गुडघे टेकून त्यांचा फोटो घेतला, तेव्हा बाकीचे हसले. माझ्या मते त्या सबंध ट्रेकमधला तोच सगळ्यांत चांगला फोटो होता.

आमचा गाइड मनालीजवळच्याच एका गावचा. तिशीतला, कमी बोलणारा. त्याला अंतर विचारलं की तो वेळ सांगायचा. "भैया, किती किलोमीटर राहिलं?" असं आमच्यातल्या कुणी मराठी-हिंदीच्या खिचडीत विचारलं, तर उत्तर यायचं, "नौ बजे से पहले वो पार करना है." आधी वाटलं, टाळतोय. मग कळलं की त्याच्याकडे दुसरं खरं उत्तरच नाही. जूनमधल्या बर्फावरून जाणाऱ्या वाटेची लांबी सांगून काही उपयोग नसतो, कारण एकाच उतारावर दिवसाच्या तीन वेळांना तीन वेगळ्या वाटा असतात.

पहाटेचा बर्फ दगड असतो. दिवसभर वितळून पाण्याने भरलेला वरचा थर रात्री गोठतो आणि त्यावर साध्या बुटाची नुसती खरखर होते, पकड मिळत नाही. अशा वेळी बुटाला लोखंडी दात्यांचे मायक्रोस्पाइक्स चढवावे लागतात आणि पुढचा माणूस बुटाच्या टोकाने लाथा घालून किंवा आइस ॲक्सने खाचा पाडत जातो. पायरी पाडण्यात कसब आहे. ती आतल्या बाजूला किंचित कललेली हवी, नाहीतर मागून येणारे वीस जण ती घासून घासून घसरगुंडी करून ठेवतात. मग सूर्य वर येतो आणि तासा-दोन तासांची एक सोन्यासारखी वेळ मिळते. वरचा अर्धा-पाऊण इंच थर सुटा होतो, जाड्या मिठासारखा, आणि खाली अजून घट्ट असतं. पाऊल रुततं तेवढंच, जेवढं रुतायला हवं. दिवसभराचं सगळं अवघड काम या वेळेत उरकायचं असतं. अकरा-बारानंतर तोच उतार तुम्हांला गिळायला लागतो. एक पाऊल टिकतं, दुसरं मांडीपर्यंत जातं. विशेषतः मोठ्या धोंड्यांच्या कडेला. धोंडा उन्हात तापतो, भोवतीचा बर्फ आतून वितळवतो आणि वर नुसती पापडी शिल्लक ठेवतो. आपल्याकडे दगडाला धरून चालणं म्हणजे सुरक्षित. इथे दगडापासून दोन हात लांब राहायचं. काकूंच्या पायांना ही एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. धोंडा दिसला की पाय आपोआप तिकडे वळायचे आणि गाइड ओरडायचा, "आंटीजी, पत्थर से दूर!"

बालू का घेऱ्याच्या मुक्कामात तो रात्री जेवणानंतर तंबूबाहेर उभा राहून आकाशाकडे बघत होता. हवा बघतोय असं वाटलं, आणि एका अर्थाने तो हवाच बघत होता. आकाश मोकळं असलं की बर्फ आपली उष्णता वर फेकून देतो आणि हवा शून्याच्या वर असली तरी त्याची पाठ गोठते. ढग असले की ती उष्णता ढगांत अडते, बर्फ रात्रभर मऊ राहतो, आणि दुसऱ्या दिवशीची वाट सकाळपासूनच दुपारची असते. "तारे हैं," तो म्हणाला. "सुबह पक्की मिलेगी. चार बजे चाय." चार वाजता उठायला कुरकुर करणाऱ्यांना तो काही समजावत बसला नाही. समजावायची कामं त्याने काकूंवर सोपवलेली होती आणि त्या ती बँकेच्या शिस्तीत पार पाडत होत्या.

मला राहून राहून नाणेघाट आठवत होता. सातवाहनांच्या काळात कातळात खोदलेली वाट. दोन हजार वर्षांनंतरही पाऊल ठेवलं की ते कुठे ठेवायचं हे दगडच सांगतो. सह्याद्रीत आपण वाट शोधतो. ती असतेच, कारवीत लपलेली असते, गवताखाली गेलेली असते, पावसाने धुतलेली असते, पण असते. चुकलो तरी वाट चुकत नाही, आपण चुकतो. हामट्याच्या वरच्या अंगाला जूनमध्ये ही भाषाच लागू होत नाही. मे अखेरीला पहिला गट ज्या रेषेवरून गेला ती रेष पंधरा दिवसांत बरीच खाली उतरलेली असते, कारण तिच्याखालचा बर्फच उतरलेला असतो. मागच्या आठवड्यात जिथून ओढा ओलांडला तिथे आता भोक असतं. जुलैअखेर खाली दगडगोट्यांची, वळसे घेत जाणारी, नेहमीची वाट उघडी पडते आणि मग हामटा हा सोपा, फुलांचा, पावसाळी ट्रेक होतो. त्या वाटेचा आणि आमच्या वाटेचा बऱ्याच ठिकाणी काही संबंध नव्हता. आम्ही तिच्यावरून चालत होतो, पण मधे कुठे एक पुरुष, कुठे दोन पुरुष हिवाळा होता.

या मधल्या हिवाळ्याखालून पाणी वाहतं, हा त्यातला खरा धोका. राणी नाल्यावर अनेक ठिकाणी बर्फाची कमान टाकलेली असते. वरून बघितलं तर सरळ, सपाट, निर्धोक मैदान, चालायला सगळ्यांत सोपं. खाली नाला आपलं काम करत असतो. पाणी खालून घासतं, पाण्याबरोबर वाहणारी हवा कमानीचं पोट पोखरते आणि वरून ऊन. पूल दोन्ही बाजूंनी पातळ होत जातो. वरच्या पांढऱ्या रंगात कुठे करडी छटा आली, मधोमध किंचित खोलगट झालं, आडवी बारीक चीर दिसली, की गाइड थांबायचा. आइस ॲक्सचा दांडा खुपसून बघायचा. दांडा जड जातो का, की अचानक सुटतो. मग कान द्यायचा. पाण्याचा आवाज लांबून, दबका आला तर थर जाड. स्पष्ट खळखळ ऐकू आली तर तिथून नाही. एका ठिकाणी तो असा थांबला आणि आम्हांला अर्धा तास वर चढवून दुसरीकडून नेलं. वर जाताना दम लागून लोक वैतागले. खालच्या पुलावरून आमच्याच समोर दुसरा एक गट हसतखेळत, मोबाइल समोर धरून, पार झाला. काहीही झालं नाही. आमच्यातल्या एकाने ते बोलूनही दाखवलं. गाइडने मान डोलावली आणि पुढे चालू लागला. बर्फाचा पूल पन्नास जणांना जाऊ देतो म्हणून एक्कावन्नाव्यालाही जाऊ देईल असं कुठे लिहिलेलं नसतं. उलट पन्नास जणांनी तो तेवढा वापरलेला असतो आणि मधल्या काळात सूर्यही थोडा वर आलेला असतो.

इथे जरा कडवट बोलतो. "बर्फाची हमी" ही जी काही चीज आता विकली जाते, तिच्यात माणसं हमी कसली मागतात आणि त्यांना दिली कसली जाते, याचा हिशेब कुणी करत नाही. बर्फ जास्त म्हणजे ट्रेक चांगला, असं एक समीकरण रीळं बघून बघून पक्कं झालंय. जास्त बर्फ म्हणजे पहाटे लवकर उठणं, जास्त दोर, जास्त माहीतगार माणसं, लहान गट, आणि कधी कधी खिंडीच्या अलीकडून मुकाट्याने परत फिरणं. यातलं शेवटचं तर जाहिरातीत कधीच नसतं. आणि हिमालयात जुलैतसुद्धा ताजा बर्फ पडू शकतो. २०२३च्या जुलैत लाहौल-स्पितीत तो इतका पडला की चंद्रतालच्या काठी अडीचशेहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि रस्ता मोकळा करत करत त्यांना बाहेर काढावं लागलं. ती हमी कुणी मागितलेली नव्हती.

कळप कुणाचा ते चढावर कळलं. खिंडीखालच्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला दोन गद्दी मेंढपाळ बसले होते. अंगात लोकरी चोळा, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढेच वेढे. जवळ दोन कुत्री, गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे, बिबट्याने मान धरू नये म्हणून. शेळ्या-मेंढ्या वितळलेल्या तुकड्यांवर जे काही कोवळं उगवलं होतं ते चाटूनपुसून खात होत्या. या लोकांचं आणि बर्फाचं नातं आमच्यापेक्षा फार गुंतागुंतीचं. हिवाळा खालच्या शिवालिकच्या टेकड्यांत काढायचा, उन्हाळ्यात धौलाधार आणि पीर पंजालचे जोत, म्हणजे खिंडी, ओलांडून लाहौलच्या कुरणांवर जायचं, सप्टेंबरात परत फिरायचं. लवकर गेलं तर पलीकडे बर्फाखालून गवत बाहेर आलेलं नसतं आणि कळप उपाशी मरतो. उशीर केला तर अलीकडचं चरून संपलेलं असतं आणि वरचं कोवळं गवत राठ व्हायला लागतं. मधे जे काही मोजके दिवस असतात, त्यांतल्या एखाद्या पहाटे, बर्फ कडक असताना, शे-दोनशे जनावरं खिंडीपार करायची. पुढे शेळ्या, कारण त्या धीट. मागे मेंढ्या, कारण त्या पुढच्याच्या मागे जातात. आदल्या दिवशी कळपाचा अर्धा भाग पलीकडे गेला होता आणि हे दोघे नुकत्याच जन्मलेल्या करडांसाठी मागे थांबले होते. त्यातलं एक करडू म्हाताऱ्याच्या चोळ्यात, छातीशी होतं. फक्त कान बाहेर.

काकूंनी त्यांना भडंग दिलं. म्हाताऱ्याने हातावर घेऊन वास घेतला, तोंडात टाकलं आणि त्याच्या भाषेत सोबत्याला काहीतरी सांगितलं, त्यावर दोघं खूप हसले. काय म्हणाला ते गाइडने सांगितलं नाही.

खिंडीवर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. समोर इंद्रासन (६२२१ मीटर), त्याला लागून माथ्यावर बर्फाचा घुमट घेऊन बसलेला देव टिब्बा (६००१ मीटर). इंद्रासनवर १९६२ साली जपानी गिर्यारोहक पहिल्यांदा पोचले. त्या दिशेला बघत सगळे उभे राहिले, घोषणा झाल्या, झेंडे निघाले, शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला. वर्णन करण्यासारखं जे होतं ते सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. मला लक्षात राहिलं ते काकूंचं नाक. गॉगल त्यांनी नियमाने लावला होता, कपाळाला, गालांना पांढरी क्रीमही. पण बर्फावर ऊन खालूनही येतं. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि त्यातली बरीचशी बर्फ परत वर फेकतो. तोंड उघडं टाकून धापा टाकत चढलेल्या माणसाची टाळूसुद्धा भाजू शकते. काकूंच्या हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या आतल्या कडा लाल झाल्या होत्या. "एवढी वर्षं उन्हात फिरतेय," त्या म्हणाल्या, "पण नाकाच्या आत क्रीम लावायचं कुणी सांगितलं नव्हतं."

पलीकडचा उतार उत्तरेकडे तोंड करून असल्याने तिथे बर्फ अलीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. उभा, लांब, खाली शिया गोरूच्या मैदानापर्यंत. इथे उतरायचं शिक्षण झालं. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण शरीर मागे टाकतो, हात टेकतो, वेळप्रसंगी बूड टेकतो. बर्फावर मागे झुकलं की पाय पुढे पळतो. इथे उलट, शरीर सरळ, किंबहुना थोडं पुढे, आणि टाच जोरात रोवायची. पहिली दहा पावलं मनाविरुद्ध पडतात. मग एकदम जमतं, आणि जमल्यावर तो उतार इतका लवकर संपतो की वाईट वाटतं. मधला एक टप्पा गाइडने बसून घसरायला मोकळा केला, कारण तिथे खाली सपाटी होती आणि ऊन लागून बर्फ मऊ झाला होता. शेजारचा तसाच दिसणारा टप्पा त्याने बंद ठेवला. त्याच्या पायथ्याशी दगड होते. काकू दोनदा घसरल्या. दुसऱ्यांदा जायला त्या पुन्हा पन्नास फूट चढून आल्या, चार हजार मीटरवर, आणि वर येऊन पाच मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत, बोलता येत नव्हतं म्हणून.

शिया गोरूला रात्र काढली. तिथला ओढा संध्याकाळी पोचलो तेव्हा दगड गडगडवत होता आणि पहाटे उठलो तेव्हा निम्मा झालेला. दिवसभर वर जे वितळतं ते खाली यायला काही तास लागतात. म्हणून बर्फाच्या ओढ्यांना भरती संध्याकाळी आणि ओहोटी पहाटे. ओलांडायचं ते पहाटे, बूट काढून, एकमेकांचे दंड धरून, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला करून, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून. पाणी पोटरीपर्यंतच होतं. पहिल्या दोन पावलांत दुखतं, मग काहीच कळत नाही, आणि पलीकडे पोचल्यावर जे दुखायला लागतं त्याच्यापुढे पहिलं दुखणं काहीच नव्हतं.

इथून पुढे देश बदलतो. ढग पीर पंजालच्या त्या बाजूला अडलेले दिसतात आणि ह्या बाजूला आभाळ कोरडं ठणठणीत. मॉन्सूनचा पाऊस लाहौलमध्ये फारसा पोचत नाही. झाड नाही, गवत विरळ, डोंगर मातकट, जांभळट. छतरूला आमची वाट बघत उभ्या असलेल्या जीपचा ड्रायव्हर लाहौली होता, खाली केलांगकडच्या एका गावचा, आणि त्याचं मटाराचं शेत होतं. त्याच्याशी बोलताना माझ्या डोक्यातलं बर्फाचं सगळं गणित उलटंपालटं झालं. आम्ही खिंडीवर बर्फ असावा म्हणून पैसे भरले होते. गद्दी तो वेळेवर हटावा म्हणून वाट बघत होता. आणि ह्या माणसाला तो जूनमध्ये खिंडीवर नको होता आणि गावावरच्या डोंगरात जुलैअखेरपर्यंत हवा होता. लाहौलची शेती पावसावर नाही. वरच्या बर्फाचं पाणी डोंगराच्या अंगाने खोदलेल्या कुलांमधून, म्हणजे पाटांमधून, शेतात येतं. मटार, बटाटा, फ्लॉवर त्यावर. मैदानात मटाराचा हंगाम संपतो तेव्हा लाहौलचा मटार दिल्लीच्या बाजारात जातो, म्हणून भाव चांगला मिळतो. पण मटार भरायच्या वेळेला कूल आटली की शेंगा पोकळ.

"पहले दिसंबर में गिरती थी," तो म्हणाला. "अब मार्च में गिरती है. मार्च वाली टिकती नहीं." कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ महिनोन्‌महिने थर धरत बसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पडलेला ओलसर असतो आणि त्याच्यावर लगेच चढतं ऊन. त्याचं म्हणणं आकड्यांतही दिसतं. काठमांडूची इसिमोड ही पर्वतीय प्रदेशांचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी हिंदुकुश-हिमालयात हंगामी बर्फ किती टिकला याचा आढावा घेते. २०२४-२५च्या हिवाळ्यात तो सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी टिकला होता, २३ वर्षांतला नीचांक. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा, सगळ्यांची खोरी त्यात आली. सिंधूच्याच खोऱ्यातली चंद्रा आमच्या समोरून राखाडी रंगाने धावत होती. ती पुढे तांदी गावाशी भागेला मिळते, चंद्रभागा होते, खाली गेल्यावर चिनाब. नाव ऐकून काकूंनी हात जोडले. पंढरपूरच्या चंद्रभागेशी हिचा पाण्याचा काही संबंध नाही हे त्यांनाही माहीत होतं.

ढाब्यावर चहाचं पातेलं चढलेलं होतं. कुणी मॅगी सांगत होतं, कुणी बूट उन्हात वाळत घालत होतं, कुणाला मोबाइल चार्ज करायचा होता. एकाने ड्रायव्हरला विचारलं, तासाभराने निघालं तर चालेल ना, आता काय, रस्ताच तर आहे. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं. साडेअकरा. ग्राम्फूच्या बाजूला एक नाला रस्त्यावरूनच वाहतो, वरच्या बर्फाचा, तो बारा-एकनंतर चढायला लागतो, मग जीपचं चाक कुठल्या दगडावर जाईल सांगता येत नाही. हे सगळं त्याने तीन शब्दांत आटोपलं: "चाय मनाली में."

मंडळी त्याला पटवायला लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, निदान एक कप. काकू मात्र बूट हातात घेऊन अनवाणीच जीपपर्यंत गेल्या होत्या आणि ड्रायव्हरशेजारची, खिडकीची सीट धरून बसल्या होत्या.